ऑस्ट्रेलियातल्या गावोगावच्या टीव्ही केंद्रांची फिरती सोयरीक

२०१६ साली रग्बी लीगच्या 'स्टेट ऑफ ओरिजिन' मालिकेचे तीन सामने १ जून, २२ जून आणि १३ जुलैला झाले. न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड ही लढत त्या दोन राज्यांत सणासारखी पाहिली जाते. तिन्ही सामन्यांचे हक्क नाइन नेटवर्ककडे होते. तरीही न्यू साउथ वेल्समधल्या वोलोंगाँग शहराच्या प्रेक्षकाने पहिले दोन सामने रिमोटवर आठचं बटण दाबून पाहिले आणि तिसऱ्यासाठी त्याला पाच दाबावं लागलं. मधल्या १ जुलैला आठ नंबरवरच्या 'विन' या प्रादेशिक वाहिनीकडून नाइनचे कार्यक्रम निघून पाच नंबरवरच्या सदर्न क्रॉस या दुसऱ्या प्रादेशिक कंपनीकडे गेले होते. सदर्न क्रॉसकडे आतापर्यंत असलेले टेन नेटवर्कचे कार्यक्रम विनकडे आले. पाच वर्षांनी, १ जुलै २०२१ ला, हीच अदलाबदल उलट्या दिशेने झाली.

बाहेरून पाहणाऱ्याला हा दोन कंपन्यांमधला पैशांचा तंटा वाटतो, आणि तो तसा आहेही. पण असा तंटा मुळात होऊ शकतो तो १९८० च्या दशकातल्या एका सरकारी निर्णयामुळे. त्याची किंमत सर्वांत जास्त मोजली ती गावच्या बातम्यांनी.

आधी रचना समजून घ्यावी लागेल. आपल्याकडे उपग्रहावरून एकच वाहिनी देशभर दिसते, त्यामुळे 'संलग्न केंद्र' ही कल्पना ओळखीची नाही. ऑस्ट्रेलियात सेव्हन, नाइन आणि टेन ही तीन मोठी व्यावसायिक नेटवर्क. त्यांची स्वतःची केंद्रं मुख्यतः सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, ॲडलेड, पर्थ या महानगरांत. बाहेरच्या प्रदेशांचे परवाने दीर्घकाळ वेगळ्या कंपन्यांकडे राहिले. या कंपन्या एखाद्या नेटवर्कशी करार करून त्याचे कार्यक्रम आपल्या मनोऱ्यांवरून दाखवतात, मधल्या जाहिराती स्वतः विकतात आणि त्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा नेटवर्कला देतात. करार संपला की सोयरीक मोडू शकते. परवाना आणि मनोरे जागच्या जागी राहतात, कार्यक्रम मात्र दुसरीकडे जातात.

सुरुवातीला असं नव्हतं. सिडनीत टीव्ही १९५६ मध्ये आला. महानगरांबाहेरचं पहिलं व्यावसायिक केंद्र डिसेंबर १९६१ मध्ये व्हिक्टोरियातल्या गिप्सलँड भागात सुरू झालं, आणि त्याच महिन्यात बेंडिगोचं. १९६२ च्या मार्चमध्ये न्यूकॅसल, वोलोंगाँग आणि ऑरेंज, तर जूनमध्ये कॅनबेरा. केंद्राच्या नावातच गाव असायचं. विन म्हणजे वोलोंगाँग, इलावारा आणि न्यू साउथ वेल्स यांची आद्याक्षरं. सरकारचं धोरण असं होतं की प्रत्येक भागात एकच व्यावसायिक केंद्र असावं आणि ते शक्यतो तिथल्या लोकांचं असावं. सोबत सरकारी एबीसी. म्हणजे गावात दोनच वाहिन्या.

पर्याय कमी, हे खरंच. पण केंद्राच्या बाजूने पाहिलं तर ही सोन्यासारखी स्थिती होती. स्पर्धक नाही, आणि कार्यक्रम विकणारी नेटवर्क तीन. सेव्हनची मालिका, नाइनचं क्रिकेट, टेनचा एखादा खेळ-कार्यक्रम असं निवडून घ्यायचं आणि आपलं वेळापत्रक आपणच लावायचं. शहरात तीन वाहिन्यांवर विखुरलेले लोकप्रिय कार्यक्रम गावात एकाच वाहिनीवर दिसत. जाहिरातदारालाही दुसरा दरवाजा नव्हता. त्या पैशावर स्थानिक बातमीपत्र, मुलांचे कार्यक्रम, प्रश्नमंजूषा, शेतकऱ्यांसाठीची माहिती हे सगळं उभं राहत असे.

अपवाद होता तो महानगराला खेटून असलेल्या केंद्रांचा, आणि त्यातला वोलोंगाँगचा किस्सा पुढच्या सगळ्या घडामोडींची चुणूक दाखवतो. हे शहर सिडनीच्या दक्षिणेला जेमतेम ऐंशी किलोमीटरवर. तिथला प्रेक्षक आपल्याकडून जाईल या भीतीने सिडनीच्या केंद्रांनी विनला चांगले कार्यक्रम मिळू दिले नाहीत. केंद्र डबघाईला आलं, तेव्हा पुढे माध्यमसम्राट म्हणून गाजलेले तरुण रूपर्ट मर्डॉक यांनी त्यात शिरकाव केला. त्यांनी अमेरिकेतून कार्यक्रमांचा मोठा साठा विकत घेतला आणि वोलोंगाँगच्या मनोऱ्यावरून सिडनीच्या घरांपर्यंत पोहोचण्याची तयारी दाखवली. शेवटी सिडनीतल्या नाइनच्या केंद्राचे मालक फ्रँक पॅकर यांनी त्यांना आपल्या केंद्रात हिस्सा देऊन तोडगा काढला. मनोरा कितीही उंच असला तरी दाखवायला कार्यक्रम नसेल तर त्याचा उपयोग नाही, हे १९६० च्या दशकातच स्पष्ट झालं होतं. १९७९ मध्ये विनचं नियंत्रण ब्रूस गॉर्डन यांच्याकडे आलं, आणि हेच नाव पुढे प्रत्येक वळणावर भेटतं.

१९८० च्या दशकात पंतप्रधान बॉब हॉक यांच्या सरकारने ठरवलं की गावच्या प्रेक्षकालाही शहराइतकेच पर्याय मिळाले पाहिजेत. मागणी न्याय्य होती. मार्ग मात्र दोन होते. पहिला असा की प्रत्येक केंद्राला त्याच्याच भागात आणखी वाहिन्या चालवायचे परवाने द्यायचे. दुसरा असा की शेजारची तीन-तीन केंद्रं एकत्र करून एक मोठा बाजार आखायचा आणि तिघांनाही त्या पूर्ण बाजारात प्रक्षेपण करायला लावायचं. सरकारने दुसरा मार्ग निवडला. यालाच 'एकत्रीकरण' म्हणतात. ३१ मार्च १९८९ ला दक्षिण न्यू साउथ वेल्स, ३१ डिसेंबर १९९० ला क्वीन्सलँड, बरोबर एका वर्षाने उत्तर न्यू साउथ वेल्स आणि १ जानेवारी १९९२ ला व्हिक्टोरिया असे हे बाजार उघडले. टास्मानियाची पाळी १९९४ मध्ये आली.

एका दिवसात तराजू उलटला. काल एक ग्राहक आणि तीन विक्रेते होते. आज तीन ग्राहक झाले आणि प्रत्येकाला एक नेटवर्क गाठणं भाग पडलं, कारण उरलेली दोन शेजाऱ्यांनी घेतलेली असणार. सर्वसाधारणपणे विनने नाइन पकडलं, प्राइम या आणखी एका प्रादेशिक कंपनीने सेव्हन, आणि टेन वेगवेगळ्या कंपन्यांकडे जाऊन पुढे बहुतांशी सदर्न क्रॉसकडे एकवटलं. न्यूकॅसलचं एनबीएन मात्र उत्तर न्यू साउथ वेल्समध्ये नाइनसोबत राहिलं आणि २००७ मध्ये थेट नाइनच्याच मालकीचं झालं. शेकडो किलोमीटरवर नवे मनोरे उभारायचा खर्च, तीन ठिकाणी वाटली गेलेली जाहिरात आणि वर नेटवर्कचा हिस्सा. स्थानिक मालकीची केंद्रं एकेक करून विकली गेली, गावांची नावं पडद्यावरून पुसली गेली आणि वेळापत्रक सिडनीहून येऊ लागलं. प्रेक्षकाला तीन वाहिन्या मिळाल्या हे खरं. पण त्या बदल्यात त्याचं स्वतःचं केंद्र गेलं. एकाच केंद्राला जास्त परवाने देण्याचा पहिला मार्ग निवडला असता तर बरंच काही वाचलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

परिणाम दिसायला दहा वर्षं लागली. २००१ च्या सुमारास प्राइम आणि सदर्न क्रॉसने अनेक शहरांतली बातमीपत्रं बंद केली. लोकांनी आवाज उठवला, नियामकाने चौकशी केली आणि २००४ पासून गुणांची अट आली. सहा आठवड्यांत ७२० गुण, आठवड्याला किमान ९०. स्थानिक बातमीच्या प्रत्येक मिनिटाला दोन गुण, इतर स्थानिक मजकुराला एक. किमान अट म्हणून ती कामाची ठरली, पण बहुतेक कंपन्यांनी किमानालाच कमाल मानलं. विनने मात्र बरीच वर्षं पूर्ण लांबीची स्थानिक बातमीपत्रं चालवली, हे त्या कंपनीच्या बाजूने नोंदवायला हवं.

आता २०१६ कडे. १९९२ च्या प्रसारण कायद्यानुसार कोणत्याही एका मालकाची केंद्रं देशाच्या ७५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्येपर्यंत पोहोचू शकत नव्हती. त्यामुळे महानगरातली नेटवर्क प्रादेशिक कंपन्या गिळंकृत करू शकत नव्हती आणि संलग्नतेचे करार टिकून होते. इंटरनेटने या कुंपणाखालून वाट काढली. जानेवारी २०१६ मध्ये नाइनने 'नाइन नाऊ' सुरू केलं आणि वोलोंगाँग किंवा बॅलरॅटच्या माणसाला विनला वगळून थेट नाइन पाहता येऊ लागलं. विनने न्यायालयात सांगितलं की आमच्या भागात नाइन दाखवण्याचा एकमेव हक्क आमचा आहे. २८ एप्रिलला न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तो हक्क मनोऱ्यावरून होणाऱ्या प्रक्षेपणापुरता आहे, इंटरनेटवरून दाखवण्याला तो लागू होत नाही. दुसऱ्याच दिवशी नाइनने सदर्न क्रॉसशी पाच वर्षांचा करार जाहीर केला. विनकडून जाहिरात उत्पन्नाचा सुमारे ३९ टक्के हिस्सा मिळत होता, सदर्न क्रॉसने ५० टक्के कबूल केले. विनकडे टेनशी हातमिळवणी करण्यावाचून पर्याय उरला नाही आणि मे महिन्यात तोही करार झाला. टास्मानियासारख्या काही भागांत विन आणि नाइन एकत्रच राहिले, त्यामुळे एकाच कंपनीच्या पडद्यावर कुठे टेन तर कुठे नाइन असं चित्र काही वर्षं होतं.

या अदलाबदलीतून एक चांगली गोष्ट घडली होती. २०१७ पासून नाइनने सदर्न क्रॉसच्या मनोऱ्यांवरून दक्षिण न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँडमधल्या शहरांसाठी स्वतंत्र स्थानिक बातमीपत्रं सुरू केली. बऱ्याच वर्षांनी काही गावांत बातमीसाठी दोन कॅमेरे एकाच ठिकाणी दिसू लागले. ते टिकलं नाही. जून २०१९ मध्ये विनने ऑरेंज, डब्बो, ऑलबरी, वॉगा वॉगा आणि वाइड बे इथली वृत्तकार्यालयं बंद केली. मार्च २०२० मध्ये कोविडच्या काळात नाइनने आपली प्रादेशिक बातमीपत्रं थांबवली आणि नंतर ती एकत्र केलेल्या रूपात परत आणली. मार्च २०२१ मध्ये नाइन पुन्हा विनकडे येत असल्याचं जाहीर झालं, करार किमान सात वर्षांचा आणि हिस्सा या वेळी विनकडूनही सुमारे ५० टक्के. नाइनची ती बातमीपत्रं १ जुलैआधीच संपली. पाच वर्षांत प्रेक्षकाने दोनदा बटण बदललं, नेटवर्कने आपला भाव वाढवून घेतला आणि गावात बातमी आणणाऱ्या माणसांची नोकरी गेली.

त्यानंतरची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे, कारण ऑक्टोबर २०१७ मध्ये संसदेने ती ७५ टक्क्यांची मर्यादा काढून टाकली होती. करारच नको, कंपनीच विकत घ्यावी, असं नेटवर्कना आता करता येत होतं. सेव्हनने २०१९ मध्ये प्राइमसाठी प्रयत्न केला, तेव्हा भागधारकांनी, त्यात ब्रूस गॉर्डन यांचाही वाटा होता, तो हाणून पाडला. २०२१ अखेरीस सुमारे १३.२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला व्यवहार झाला आणि प्राइमचं नाव पडद्यावरून गेलं. टेनकडे परतलेल्या सदर्न क्रॉसने २०२५ मध्ये टीव्हीतून अंग काढून घेतलं. मोठ्या बाजारांतली केंद्रं टेनकडे गेली. टास्मानिया, डार्विन, ब्रोकन हिल यांसारख्या भागांतली केंद्रं सेव्हनने अवघ्या ३७.५ लाख डॉलरला घेतली.

मिल्ड्यूरा या मरी नदीकाठच्या द्राक्ष-संत्र्यांच्या गावात तर कोणी विकत घेण्याचाही प्रश्न आला नाही. ३० जून २०१० रोजी देशात सर्वांत आधी जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद करून डिजिटलवर गेलेलं गाव ते हेच. तिथे टेनचे कार्यक्रम दाखवणारं केंद्र विन आणि सेव्हन यांच्या भागीदारीत चाललं होतं. ते परवडत नाही म्हणून ३० जून २०२४ ला बंद झालं. तिथल्या घराच्या साध्या अँटेनावर सेव्हन, नाइन, एबीसी आणि एसबीएस ही दुसरी सार्वजनिक वाहिनी लागतात. टेन पाहायचं तर इंटरनेट जोडणी नाहीतर उपग्रहाची तबकडी लागते, आणि तिचा खर्च प्रेक्षकाने करायचा.