पार्श्वभूमी : ‘एकटेपणा’ मोजताना नेमकं काय मोजलं?

जून २०२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय आरोग्य यंत्रणेचा अहवाल आला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणा जाणवतो आणि त्याच्याशी जोडले जाणारे मृत्यू वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार आहेत, असं त्यात होतं. त्याआधी २०१८ मध्ये ब्रिटनने या विषयासाठी मंत्री नेमला होता आणि २०२३ मध्ये अमेरिकेत सरकारी इशारापत्र निघालं होतं. आता प्रेमाची, मायेची माणसं जवळ असणं तब्येतीला बरं, हे आजीबाईच्या बटव्यातून निघून सरकारी कागदावर आलं आहे.

मागचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे. विवाहित माणसं जास्त जगतात आणि विधवा-विधुरांची स्थिती वाईट असते, असं लंडनच्या एका सांख्यिकीतज्ज्ञाने १८५८ मध्ये फ्रान्सच्या आकड्यांवरून मांडलं. पुढे १९६३ मध्ये ब्रिटनमधल्या ४,४८६ विधुरांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त दिसलं. खरा पाया मात्र कॅलिफोर्नियातल्या पाहणीने घातला. १९६५ पासून नऊ वर्षं सुमारे सात हजार प्रौढांवर लक्ष ठेवलं गेलं आणि १९७९ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांचे लागेबांधे सर्वांत कमी, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण लागेबांधे भरपूर असलेल्यांपेक्षा पुरुषांत २.३ पट आणि स्त्रियांत २.८ पट होतं. विचारलं काय होतं? लग्न झालंय का, मित्र-नातलग किती भेटतात, चर्चला जाता का, कुठल्या मंडळात आहात का. प्रेमाचा रकाना नव्हता.

गोंधळ सुरू होतो तो इथे. २०१० मध्ये १४८ अभ्यासांतले तीन लाखांहून अधिक लोक एकत्र मोजले गेले आणि नातेसंबंध भक्कम असलेल्यांची तगून राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. दिवसाला १५ सिगारेटींची तुलना त्याच कामातली. ती होती नात्यांच्या अभावाची, पण बातम्यांत ती एकाकीपणाच्या भावनेला चिकटली ती कायमची. २०१५ मध्ये त्याच चमूने तीन गोष्टी वेगळ्या काढल्या : घरात एकटं राहणं, माणसांशी संपर्क तुटणं आणि आपल्याला कुणी नाही असं आतून वाटणं. मृत्यूची शक्यता अनुक्रमे ३२, २९ आणि २६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आकडे जवळजवळचे, पण गोष्टी तीन. मराठीत तिन्हींवर ‘एकटेपणा’ हा एकच शिक्का बसतो. शेवटच्या अर्थाला ‘एकाकीपणा’ हा चांगला शब्द आहे, पण तो भाषांतरात कुठेही पडतो. आणि ‘एकलकोंडा’ तर स्वभाव झाला, त्याला आजार का लावायचा? शिवाय आजारी माणूसच हळूहळू माणसांतून उठतो, म्हणजे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

मुंबईवर हे रकाने लावून पाहिले की त्यांची शिवण उसवते. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या चाकरमान्याचं लग्न झालेलं असे, बायको मात्र गावी. तो गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोलीत दहा-पंधरा जणांत राही. एका पाळीचे कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्यांच्याच जागेवर अंग टाकत. जेवण खानावळीत, पैसे मनीऑर्डरने, पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. रकान्यांप्रमाणे हा माणूस विवाहित, एकटा न राहणारा आणि मंडळाचा सभासद, म्हणजे तिन्ही ठिकाणी पास. रात्री उशाच्या ट्रंकेवर डोकं टेकल्यावर त्याला काय वाटत होतं, ते कुठल्या पाहणीत विचारलं असतं? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांचं काम गेलं किंवा लटकलं, आणि पगाराबरोबर ही सोबतही विस्कटली. तिचा हिशेब झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

नात्याचा परिणाम शरीरात कसा उतरतो, याचे पुरावे मात्र बरेच बोलके आहेत. १९९७ मध्ये २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले गेले. ज्यांची नाती सहा किंवा जास्त प्रकारची होती (घरचे, शेजारी, सहकारी, मंडळातले वगैरे), त्यांना सर्दी सर्वांत कमी झाली. २००५ मध्ये ४२ जोडप्यांच्या हातांवर बारीक फोड उठवून भरून यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. ज्या जोडप्यांत वैर जास्त, त्यांच्या जखमा सावकाश भरल्या. नुसती सोबत पुरत नाही, ती कशी आहे तेही मोजावं लागतं.

सरकारी इस्पितळातल्या वॉर्डात सिस्टर ‘पेशंटचे नातेवाईक कोण?’ म्हणून हाक देते, तेव्हा उठणारा बरेचदा शेजारचा किंवा गाववाला असतो. ‘नातं’ या रकान्यात त्याला काय लिहायचं, यावर तिथे कुणी अडून बसत नाही.

मुंबईतल्या जुन्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांची दारं दिवसभर उघडी असत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ओळखीच्या एक आजी टॉवरमध्ये गेल्यावरही दार सताड उघडं ठेवायचा हट्ट धरतात. मुलगा-सून घरातच, म्हणजे पाहणीत त्या ‘कुटुंबासोबत’ या रकान्यात जातील. सुनेने जाळीचं सेफ्टी डोअर बसवून घेतलं आहे. आजी खुर्ची त्याला लावून बसतात, लिफ्ट थांबली की वाकून बघतात.