सेवा ठप्प करणारे ऑपरेटिंग सिस्टिममधील दोष

नेटवर्कवरून आलेली पॅकेट्स, म्हणजे माहितीची छोटी पाकिटे, हाताळताना किंवा स्वतःची आतली मोजदाद करताना ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, चुकते, त्यामुळे ती कोलमडते, गोठते किंवा प्रोसेसर नुसताच राबत राहतो. अशा वेळी त्या यंत्रावरील सेवा कुणालाही उत्तर देत नाही. माहिती चोरीला जात नाही, फाइली बिघडत नाहीत, पण काम अडते. या परिणामाला संगणक सुरक्षेत ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’ म्हणतात.

मराठवाड्यात अशा प्रत्येक अडचणीला एकच नाव आहे, ‘सर्व्हर डाऊन’. पीकविम्याची मुदत संपत आली किंवा अनुदानाची ई-केवायसी सुरू झाली, की सेवा केंद्रासमोरच्या रांगेत हेच दोन शब्द ऐकू येतात आणि तालुक्याला आलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे वाया जाते. या दोन शब्दांखाली तुटलेली केबल, खरीखुरी गर्दी आणि ऑपरेटिंग सिस्टिममधला दोष या तीन निराळ्या गोष्टी झाकल्या जातात. गर्दीवर जास्त यंत्रे लावणे हा उपाय चालतो. दोषावर तो पुरत नाही, कारण तोच दोष असलेली दहा यंत्रे लावली तर मोजक्या पॅकेट्सनी दहाही पडतात.

या दोषांची पहिली मोठी लाट १९९६-९७ मध्ये आली. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या पत्ता-पद्धतीतले पॅकेट जास्तीत जास्त ६५,५३५ बाइटचे असू शकते. ‘पिंग ऑफ डेथ’मध्ये एका पॅकेटचे तुकडे असे पाठवले जात, की जोडल्यावर ही मर्यादा ओलांडली जाई आणि यंत्र बंद पडे. ‘टीअरड्रॉप’मध्ये तुकडे एकमेकांवर चढलेले असत. ‘लँड’मध्ये पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता एकच लिहिलेला असे, म्हणून यंत्र स्वतःलाच उत्तरे देत बसे. लँडचा दोष २००५ मध्ये विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ मध्ये पुन्हा सापडला. जुनी चूक नव्या आवृत्तीत परत येते, हे तेव्हापासून गृहीत धरायला हवे होते.

‘सिन फ्लड’ची गोष्ट वेगळी. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधील पॅनिक्स या इंटरनेट सेवादात्यावर हा हल्ला झाला. टीसीपी, म्हणजे दोन यंत्रांनी आधी जोडणी करून माहिती पाठवण्याचे नियम; या जोडणीची पहिली हाक आली, की सर्व्हर तिच्यासाठी जागा राखून पुढच्या उत्तराची वाट पाहतो. पंगतीत पाट मांडले, पत्रावळी वाढल्या, पण नाव सांगणारे जेवायला आलेच नाहीत, आणि खरे पाहुणे दाराशी ताटकळले, असा हा प्रकार. त्यावर ‘सिन कुकी’चा तोडगा निघाला. जागा राखायचीच नाही, फक्त हिशेब करून काढलेला एक आकडा परत पाठवायचा आणि तो आकडा घेऊन जो येईल त्यालाच पाट द्यायचा.

ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधील, म्हणजे तिच्या गाभ्यातील, ‘सेगमेंटस्मॅक’ हा दोष जाहीर झाला. टीसीपीचे तुकडे क्रम सोडून येत राहिले, की कर्नल प्रत्येक वेळी ती रांग आवरायला घेई. मोंढ्यात एकेक पोते आल्यावर हमालाने अख्खी थप्पी उतरवून पुन्हा रचावी, तसे. पोती थोडीच असतात, पण हमाल दमून जातो.

जून २०१९ मधील ‘सॅक पॅनिक’ हा लिनक्स कर्नलचाच दोष नेटफ्लिक्सचे जोनाथन लूनी यांनी शोधला. यातली चूक साध्या गुणाकाराची आहे, म्हणून ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. पाठवायची माहिती तात्पुरती ठेवणाऱ्या एका बफरमध्ये १७ कप्पे आणि प्रत्येकात ३२ किलोबाइट मावतात. हल्लेखोराने तुकड्याचा आकार किमान पातळीवर आणला, की प्रत्येक तुकड्यात फक्त ८ बाइट माहिती उरते. मग तुकड्यांची संख्या ६९,६३२ पर्यंत जाऊ शकते. ती मोजणारा १६ बिटांचा आकडा मात्र ६५,५३५ च्या पुढे जात नाही. मोजणी उलटते आणि हिशेब जुळत नाही हे दिसताच कर्नल स्वतःलाच थांबवतो. २.६.२९ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये ही चूक होती.

प्रत्येक वेळी हल्लेखोर लागतोच असे नाही. विंडोज ९५ मिलिसेकंद ३२ बिटांत मोजत असे; ४,२९,४९,६७,२९६ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे ४९.७ दिवस सलग चालल्यावर ते गोठू शके. १ जुलै २०१२ रोजी भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ घालण्यासाठी घड्याळात एक जादा सेकंद (लीप सेकंद) वाढवला गेला, तेव्हा जगभरातील अनेक लिनक्स सर्व्हरचे प्रोसेसर उगाच पूर्ण भाराने फिरू लागले. घड्याळ पुन्हा लावले, की ते शांत होत.

‘बंद करून चालू कर’ हा केंद्रांवरचा नेहमीचा उपाय या दोषांवर तात्पुरता लागू पडतो. यंत्र उठते, पण तेच पॅकेट पुन्हा आले, की पुन्हा झोपते. कायमचा उपाय म्हणजे उत्पादकाने दिलेली दुरुस्ती, म्हणजे पॅच. तो मिळेपर्यंत फायरवॉलवर, म्हणजे येणारी पॅकेट्स तपासणाऱ्या चौकीवर, तशी पॅकेट्स अडवता येतात किंवा दोषी सुविधा बंद ठेवता येते. सॅक पॅनिकमध्ये दोन्ही मार्ग सुचवले गेले होते. भारतात जाणूनबुजून सेवा अडवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, आणि अशा घटनांची नोंद सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे होते.

डेटा संपतो आणि वेळ जातो म्हणून अपडेट बंद ठेवायची सवय आपल्याकडच्या छोट्या केंद्रांना आहे. अडचण खरी आहे, तरी ती सवय घातकच. विंडोज ७ ला मिळणाऱ्या नियमित दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या आणि विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्यानंतर सापडलेला दोष अशा यंत्रात सहसा तसाच राहतो.