झेंडूला दसरा कळत नाही

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आला, आणि त्या सकाळी आमच्या बागेतल्या झेंडूवर होत्या नुसत्या कळ्या. हिरव्या, घट्ट मिटलेल्या, टोकाला जेमतेम केशरी रेघ. शंभरेक रोपं, आणि तोरणाला लावावं असं फूल एकही नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'यंदा तोरणं आपल्याच झेंडूची' असं आठवडाभर आधी जाहीर करून झालं होतं. शेवटी दोघंजण पहाटे मार्केट यार्डात गेले आणि इतर पुणेकरांसारखेच भाव करून फुलं घेऊन आले.

चूक कुणाची, यावर बरीच चर्चा झाली. बी जुनं होतं, खत कमी पडलं, पाऊस जास्त झाला वगैरे. मग बागेची वही काढली. बी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, लावण ऑगस्टच्या दुसऱ्या. आदल्या वर्षीही अगदी याच तारखा होत्या आणि तेव्हा फुलं वेळेवर मिळाली होती. फरक एवढाच की २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. त्याच्याही आदल्या वर्षी तो २४ तारखेला होता, आणि वहीत त्यापुढे काकूंच्या अक्षरात शेरा आहे: 'फुलं दसऱ्याआधीच उमलून गेली.' झेंडू तिन्ही वर्षं आपल्या वेळेवरच होता. सण सरकत होता.

चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. म्हणून सण दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे दसरा थेट २० ऑक्टोबरला. झेंडूला यातलं काही ठाऊक नसतं. त्याचं फुलणं ठरतं ते वयावर, उष्णतेवर आणि काही अंशी रात्रीच्या लांबीवर, म्हणजे शेवटी सूर्यावर. हे झाड मूळचं मेक्सिकोचं. तिथेही ते शरदातच सणाला लागतं, १ आणि २ नोव्हेंबरला, पूर्वजांच्या स्मरणासाठी. मेक्सिको सिटी आणि पुणे यांच्या अक्षांशात एका अंशाइतकाच फरक आहे, तेव्हा दिवस-रात्रीचा हिशोब दोन्हीकडे जवळजवळ सारखा. पण त्यांच्या सणाची तारीख ठरलेली, आपली फिरती.

गंमत म्हणजे आपल्या शेतकऱ्यांनी हा घोळ कधीच सोडवलेला आहे. सणवार चंद्रावर, पेरणी सूर्यावर. मृग लागतो तो ७-८ जूनलाच, मग ज्येष्ठ असो वा अधिक ज्येष्ठ. कारण पावसाची नक्षत्रं ही सूर्याची नक्षत्रं. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवस असतो. हस्त सप्टेंबरच्या २७ च्या सुमारास लागतं, मग चित्रा, मग स्वाती. त्या नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस यावरून पावसाचा अंदाज काढण्यात मला अर्थ दिसत नाही, पण तारखा मात्र चोख. स्वयंसेवकांची बाग सांभाळताना पंचाईत होते ती इथेच: झाडं सूर्याच्या वेळापत्रकावर आणि माणसं चंद्राच्या. शरदात तर फारच. नवरात्र, कोजागरी, दिवाळी एकामागून एक, आणि बागेतलं सगळ्यात नाजूक काम नेमकं त्याच सहा आठवड्यांत.

आमची बाग म्हणजे कोथरूडमधली दोन गुंठे मोकळी जागा, ट्रकने आणून टाकलेल्या काळ्या मातीची. ग्रुपवर सेहेचाळीस जण आहेत. रविवारी सातला येणारे सात.

या सात जणांना पहिल्या वर्षी मीच एक चुकीचं काम लावलं होतं. पाऊस थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुट्टी होती, सगळे मोकळे होते, म्हणून वाफे खणून घेतले. पंधरा दिवसांनी त्या वाफ्यांची विटेसारखी ढेकळं झाली, कुदळीने फुटेनात. काळ्या मातीत चिकणमातीचे अतिसूक्ष्म, चपटे कण असतात. ते पाणी पिऊन फुगतात आणि सुकले की आक्रसतात. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. ओल्या अवस्थेत माती खणली किंवा नुसती तुडवली, तरी कणांमधल्या पोकळ्या दाबल्या जातात. या पोकळ्यांतूनच मुळांना हवा मिळते.

थांबायचं किती, याला मराठीत एक शब्द आहे, वाफसा. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळून तिथे हवा आलेली आणि बारीक पोकळ्यांत पाणी टिकून राहिलेलं, अशी मातीची अवस्था. शेतकरी हे पाय टेकवूनच ओळखतो. आम्ही शहरी लोक मूठभर माती दाबून गोळा करतो आणि अंगठ्याने टोचतो. गोळा नुसता चेपला तर अजून थांबा, फुटून भुसभुशीत झाला तर वाफसा आला. हस्ताची शेवटची सर पडून गेल्यावर आमच्याकडे चार-पाच दिवस लागतात, झाडाच्या सावलीतल्या वाफ्याला आठ. हल्ली 'रविवारी खणूया' असा निरोप जातच नाही. 'गोळा फुटला' असा जातो, मग वार कुठलाही असो. येणाऱ्यांची संख्या त्यामुळे सातावरून चारावर येते. चार पुरतात.

वाफसा येईपर्यंत उपटायला तण असतंच. त्यातही गाजरगवत आधी, फुलावर यायच्या आत आणि हातमोजे घालून. त्याने अंगाला खाज सुटून चट्टे उठतात. एकेक झाड हजारो बिया टाकतं. हीही अमेरिका खंडातूनच आलेली वनस्पती, आणि भारतात तिची नोंद झाली ती १९५० च्या दशकात पुण्यातच. झेंडू आणि गाजरगवत एकाच कुळातले, पण एकाला आपण दारावर बांधलं आणि दुसऱ्याला अजून बाहेर काढतो आहोत.

उपटलेल्या हिरव्या तणाचा ढीग आम्ही थेट खतखड्ड्यात टाकला तेव्हा तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यांवरून तक्रारी आल्या. वास. कोवळ्या हिरव्या पाल्यात नायट्रोजन भरपूर आणि पाणीही. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नायट्रोजनमागे पंचवीस-तीस भाग कार्बन लागतो. तेवढा नसला की जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो आणि ओल्या गच्च ढिगात हवा न शिरल्याने सडकाही वास येतो. उपाय म्हणजे कार्बनवाला कोरडा पाला मिसळणं. पण ऑक्टोबरात पुण्यात कोरडा पाला आणायचा कुठून? बागकामाचे परदेशी व्हिडिओ बघून 'शरदात पानं गोळा करा' हा सल्ला आम्हीही वहीत उतरवून ठेवला होता. तिकडे शरद म्हणजेच पानगळ. आपली पानगळ शिशिरातली. इथली बरीचशी झाडं थंडी सरता सरता, फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतात आणि ऑक्टोबरात पावसाने तरारलेली असतात. म्हणून आता फेब्रुवारीत पोती भरून ठेवतो, पंचवीस-तीस, आणि आठ महिने पंपाच्या खोलीत सांभाळतो. त्या खोलीवरून सोसायटीत जे राजकारण होतं ते इथे नको.

कोथिंबिरीचं काम मुलांचं. धना म्हणजे एक बी नव्हे, दोन अर्ध्या वाट्या एकमेकींवर बसवल्यासारखं ते फळ असतं आणि प्रत्येक अर्ध्यात एक बी. कापडावर पसरून वाटीच्या बुडाने हलकेच रगडलं की दोन होतात. फार जोर लावला तर पूड. मुलं पहिल्यांदा पूडच करतात.

शेवंतीने मात्र मला खरोखर चक्रावून सोडलं.

एकाच झाडाच्या फुटव्यांपासून केलेल्या चौदा कुंड्या आम्ही कुंपणालगत एका ओळीत ठेवल्या होत्या. माती तीच, खत तेच, पाणी घालणारी काकूही तीच. दिवाळीच्या सुमारास पलीकडच्या सात कुंड्या फुलांनी भरल्या. मधल्या तीन कुंड्यांवर तुरळक कळ्या. आणि फाटकाजवळच्या चार नुसत्या वाढलेल्या, हिरव्यागार, गुडघ्याच्या वर, कळीचा पत्ता नाही. कुणी म्हणालं नजर लागली. त्या चार कुंड्यांवर खरंच नजर होती, पण दिव्याची. मे महिन्यात फाटकावर नवा एलईडी दिवा बसला होता, आणि तो संध्याकाळपासून उजाडेपर्यंत चालू असतो.

१९२० साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी तंबाखूच्या एका जातीवरून दाखवलं, की काही झाडं दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतात. ही जात उन्हाळ्यात शेतात माणसाच्या डोक्यावर उंच जायची पण फुलायची नाही. हिवाळ्यात काचघरात मात्र फुलायची. अशा झाडांना त्यांनी लघुदिनी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी रस्त्याकडेला उगवणाऱ्या एका काटेरी फळांच्या तणाला लांब रात्र दिली आणि मध्येच थोडा वेळ प्रकाश दाखवला. तेवढ्याने फुलणं थांबलं. दिवसात मध्येच अंधार केला तर काहीच बिघडलं नाही. म्हणजे झाड दिवस मोजतच नव्हतं, सलग अंधार मोजत होतं.

मोजणारं रसायन म्हणजे पानांतलं फायटोक्रोम. त्याची दोन रूपं आहेत. तांबड्या प्रकाशात ते एका रूपातून दुसऱ्यात जातं आणि अंधारात हळूहळू परत येतं. झाडाच्या आतल्या घड्याळाशी मिळून यावरून रात्र किती लांबली हे ठरतं. पुण्यात २१ जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा आणि २१ डिसेंबरचा अकरा तासांचा. शरदात रात्र वाढते ती दिवसाला जेमतेम एक मिनिटाने. शेवंतीला तेवढं पुरतं. पण पांढऱ्या एलईडीतही तांबडा प्रकाश असतो, आणि त्या दिव्याखाली आमच्या चार कुंड्यांची रात्र कधी सुरूच झाली नाही. फूलशेतीत हेच मुद्दाम करतात, बाजाराची वेळ साधायला शेवंतीवर रात्री दिवे लावून फुलं लांबवतात.

आणि हे कळतं पानांना, शेंड्याला नाही. तेही शेवंतीवरच सिद्ध झालं. सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकात शेवंतीच्या वरच्या भागाची पानं काढून टाकली आणि फक्त खालच्या पानांना लांब रात्री दिल्या. फुलं आली ती वर, बिनपानांच्या शेंड्यावर. पानांकडून शेंड्याकडे काहीतरी निरोप जातो असं म्हणून त्यांनी त्याला फ्लोरिजेन नाव दिलं. तो निरोप म्हणजे एक प्रथिन आहे हे पक्कं व्हायला २००७ उजाडलं.

कांद्याचं गणित याच्या उलट. त्याला गड्डा धरायला दिवस ठरावीक लांबीचा व्हावा लागतो. आपल्याकडच्या जातींना अकरा-बारा तासांचा दिवस चालतो. एका काकांच्या मुलीने इंग्लंडहून येताना बियांचं पाकीट आणलं होतं (असं बियाणं परवान्याशिवाय आणू नये, हे आम्हाला नंतर कळलं). पात झकास आली, मेपर्यंत वाट पाहिली, गड्डा नाही. त्या जातींना चौदा तासांहून मोठा दिवस लागतो आणि तसा पुण्यात वर्षभरात एकही नसतो. पातीची भाजी मात्र चार वेळा झाली.

रोगराईचंही पान ऑक्टोबरात उलटतं. पावसाळ्यात काकडी-दोडक्यावर केवडा नावाचा रोग असतो, त्याला पान ओलं लागतं. पाऊस थांबला म्हणून आपण निर्धास्त होतो आणि भुरी येते. तिला पानावर पाणी नकोच, कोरडे दिवस आणि दमट रात्री पुरतात. पांढरी पूड दिसली की ती पानं काढायची, एवढंच आम्ही करतो.

राहिलं पाणी. ऑक्टोबरच्या उन्हात जमिनीतून आणि पानांतून मिळून दिवसाला ४ मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर एका चौरस मीटरला ४ लिटर. आमचे वाफे १२० चौरस मीटर. म्हणजे रोज ४८० लिटर, दहा लिटरच्या अठ्ठेचाळीस झाऱ्या, आणि दिवाळीच्या आठवड्यात उचलायला कोणी नाही. अर्ध्या वाफ्यांवर आता ठिबक आहे, बाकीच्यांवर फेब्रुवारीतल्या पोत्यांतला पाला चार बोटं जाड पसरतो. शिवाय दिवाळीआधीच्या पंधरवड्यात काहीच पेरत नाही. नुकत्या उगवलेल्या मेथीचं मूळ वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये असतं, आणि सुकतो तो आधी तोच थर. पाडव्याला गावाहून परतून करपलेले वाफे बघण्यापेक्षा भाऊबीजेनंतर पेरलेलं बरं. महिन्याभरात मेथी हातात येते. दसऱ्याच्या झेंडूचं बी आता दसऱ्याच्या तारखेपासून मागे मोजून टाकतो, आणि रोपं पुढे पळताहेत असं वाटलं तर शेंडे खुडतो. आठ-दहा दिवस लांबतात.

फाटकावरचा दिवा बंद करायला वॉचमनकाकांनी साफ नकार दिला आणि त्यांचं बरोबरच होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिव्याच्या बागेकडच्या बाजूला पत्र्याचा तुकडा लावला. कुंड्या हलवल्या असत्या तरी चाललं असतं, पण मला पाहायचं होतं. त्या चार कुंड्यांवर डिसेंबरात कळ्या धरल्या आणि पहिलं फूल उमललं ते संक्रांतीला. तिळगूळ वाटायला आलेल्या काकू म्हणाल्या, बघा, हिला सण कळला.

संक्रांत सूर्यावर असते, हे मी त्यांना सांगितलं नाही.