माळ्यावरचे अल्बम खाली काढलेत? मग आमच्याकडे यायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

ठाण्यातल्या नौपाडा, चरई, पाचपाखाडीतल्या जुन्या बिल्डिंगी एकेक करून रिडेव्हलपमेंटला चालल्यात, त्यामुळे आमच्याकडे, म्हणजे आमच्या जुने फोटो स्कॅन करायच्या दुकानात, येणारी निम्मी माणसं हल्ली एकाच गोष्टीने सुरुवात करतात, "घर रिकामं करतोय हो, माळ्यावर हे सापडलं." माळ्यावरून पितळेचा बंब निघतो, पत्र्याची ट्रंक निघते, आणि सगळ्यात खाली पिशवीत गाठ मारून ठेवलेले अल्बम निघतात. बंबाला लगेच गिऱ्हाईक मिळतं, ट्रंक कामवाल्या मावशी मागून नेतात, पण फोटोंचं काय करायचं ते कोणालाच सुचत नाही, मग ती पिशवी तशीच भाड्याच्या घरी जाते आणि दोन-तीन पावसाळे बॉक्स बेडमध्ये काढते. नवीन घराचा ताबा मिळेपर्यंत त्यातले अर्धे फोटो एकमेकांना चिकटलेले असतात.

आमच्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता, पासपोर्ट फोटो, मुंजी, लग्नाच्या ऑर्डरी, रोल धुणं हे सगळं आम्ही लहानपणापासून बघितलंय. आता मी आणि माझा भाऊ जुने फोटो, निगेटिव्ह आणि स्लाइड स्कॅन करून देतो. हे पत्रक मुद्दाम लिहिलंय कारण दुकानात गर्दी असली की सगळं नीट सांगता येत नाही, आणि काही गोष्टी आमच्याकडे यायच्या आधीच करायच्या असतात.

सगळ्यात आधी नावं

स्कॅनिंग नंतर करू, महिन्याने करा, दिवाळीनंतर करा, पण घरात जे सगळ्यात मोठं माणूस आहे, आज्जी, आजोबा, आत्या, मोठे काका, त्यांना याच आठवड्यात अल्बम घेऊन बसवा आणि प्रत्येक फोटोत कोण कोण आहे ते विचारून घ्या. हे आम्ही एवढं कळकळीने का सांगतोय तर एक ताई आल्या होत्या, आई गेल्यावर तिच्या कपाटातले साठ-सत्तर फोटो घेऊन. त्यातल्या अकरा फोटोंत एक बाई होत्या, काठपदराची साडी, कपाळावर मोठं कुंकू, बारशात आहेत, मुंजीत आहेत, तलावपाळीवर मुलांना घेऊन उभ्या आहेत, एका फोटोत तर ताई स्वतःच लहानपणी त्यांच्या मांडीवर आहेत. पण त्या कोण हे ताईंना माहिती नव्हतं, मामांनाही नव्हतं. एवढं जवळचं माणूस, आणि आता नाव सांगणारं कोणी नाही. आम्ही ते अकरा फोटो अगदी उत्तम स्कॅन करून दिले, डाग काढले, फाटलेला कोपरा भरला, पण नाव काही आम्हाला भरता आलं नाही.

तर नावं विचारताना मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा. आज्जी नुसतं नाव नाही सांगत ना, ती सांगते की हा बाळू, हा रेल्वेत होता, याच्या लग्नात पाऊस पडला होता आणि मांडव गळत होता, हे सगळं त्या रेकॉर्डिंगमध्ये येतं आणि ते फोटोइतकंच मोलाचं आहे. एका दिवसात सगळं उरकायला जाऊ नका, अर्धा तास बसा, थकल्या की थांबा, उद्या परत. फोटोच्या मागे लिहायचं असेल तर बॉलपेनने बिलकुल नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई पसरते. जुना जाड कागदाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो असेल तर मऊ पेन्सिलीने अगदी हलक्या हाताने कडेला लिहा. नंतरच्या रंगीत फोटोंचा कागद मागूनही प्लास्टिकसारखा गुळगुळीत असतो, त्यावर पेन्सिल धरत नाही, मग पाकिटावर लिहा नाहीतर वहीत नंबर घालून लिहा. मागे आधीच काही लिहिलेलं असेल, स्टुडिओचा शिक्का असेल, तर आम्ही मागची बाजूही स्कॅन करतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

फोटो खराब का होतात

ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा थर आणि त्यात चांदीचे बारीक कण. चांदी धातू आहे म्हणून आजोबांच्या लग्नाचा फोटो सत्तर वर्षांनीही ठणठणीत असतो, फार तर कडेला निळसर चकाकी येते, ती चांदीच वर आलेली असते, ती पुसायची नाही. रंगीत फोटोत मात्र शेवटी चांदी उरतच नाही, तीन रंगद्रव्यं उरतात, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या फोटोंमध्ये त्यातलं निळसर हिरवं द्रव्य अल्बममध्ये बंद अंधारात ठेवलं तरी आधी उडतं. म्हणून त्या काळातल्या अल्बममध्ये सगळे लालसर दिसतात, हळदीचा फोटो असला तरी सगळी कुंकवात भिजल्यासारखी. लोक म्हणतात आमच्या फोटोग्राफरने बिघडवला, तसं नाहीये, तो कागदच तसा होता. निगेटिव्ह जपून ठेवली असेल आणि तिची अवस्था प्रिंटपेक्षा बरी असेल तर आम्ही तिच्यावरून काम करतो, म्हणून निगेटिव्हच्या पट्ट्या कधीही टाकू नका, कितीही निरुपयोगी वाटल्या तरी.

दुसरा शत्रू आपली हवा. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या वर सहज जातो, आणि पासष्टच्या वर गेला की बुरशीला धरायला वाव मिळतो. जिलेटिन हे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं म्हणजे बुरशीसाठी ते जेवणच आहे, आणि कसर लागते तीही त्यासाठीच. त्यामुळे अल्बम गच्चीखालच्या माळ्यावर नको, पावसाची ओल येणाऱ्या भिंतीला टेकून नको, लाकडी पेटीपेक्षा लोखंडी कपाट बरं आणि त्यातही मधला कप्पा. डांबराच्या गोळ्या फोटोंबरोबर टाकू नका, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दरवर्षी बदला. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की अल्बम काढून पानं उघडून पंख्याखाली ठेवा, पण सावलीत, पापडासारखं वाळवण उन्हात घालू नका, काही जण खरंच घालतात.

ते प्लास्टिक उचलून खाली फोटो चिकटवायचे अल्बम आठवतात का, रेघारेघांचा गोंद असलेले? ते सगळ्यात वाईट. त्या गोंदाच्या पिवळ्या-तपकिरी रेघा फोटोवर मागून उमटतात आणि फोटो सुटत नाही. त्यापेक्षा काळ्या पानांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवायचे आणि मधे बटर पेपर असलेले आज्जीच्या वेळचे अल्बम कितीतरी चांगले. चिकटलेला फोटो ओढून काढू नका, अख्खं पान तसंच आणा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर काचेसकट आणा, आम्ही काचेतूनच स्कॅन करतो, आधी स्कॅन आणि मग काढायचा प्रयत्न, उलटं कधीच नाही.

भिजलेले फोटो

हे आमच्या स्वतःच्या घरचं आहे. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस, आमचं कळव्याचं घर तळमजल्यावर होतं आणि कमरेएवढं पाणी आलं. आईबाबांच्या लग्नाचा अल्बम खालच्या कप्प्यात होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तो बाहेर काढला आणि घाईघाईत बंदच्या बंद सुकवला, वर वजन ठेवून, म्हणजे पानं वाकडी होऊ नयेत. तो विटेसारखा एकसंध झाला. जिलेटिन ओलं असताना मऊ होतं आणि सुकताना समोरच्या फोटोला धरून बसतं, हे बाबांना धंद्यातलं म्हणून पक्कं माहिती होतं, पण त्या दिवशी घरात चिखल, लाईट नाही, कोणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या अल्बममधले फक्त सात फोटो वाचले.

म्हणून सांगते, फोटो भिजले तर ते सुकायच्या आत वेगळे करायचे. परातीत स्वच्छ गार पाणी घ्या, फोटो त्यात बुडवून पाण्यातच हळूहळू सोडवा, चिखल बोटांनी चोळू नका, पाणी बदलत राहा, मग जुन्या सुती साडीवर किंवा धोतरावर चित्राची बाजू वर करून पंख्याच्या वाऱ्याने सुकवा. वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. हेअर ड्रायर नको, ऊन नको. फोटो खूप असतील आणि वेळ नसेल तर मधे बटर पेपर घालून प्लास्टिकच्या पिशवीत फ्रीजरमध्ये टाका, हो फ्रीजरमध्येच, बर्फात बुरशी थांबते आणि आपल्याला सवड मिळते, मग आम्हाला फोन करा. एकच सावधगिरी, घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेले किंवा हाताने रंगवलेले फोटो पाण्यात घालायचे नाहीत, रंग वाहून जातो.

मोबाईलमध्ये आहेत की सगळे

हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. पूर्वी छत्तीसचा रोल गणपतीला घालायचा आणि दिवाळीपर्यंत पुरवायचा, त्यामुळे प्रत्येक फोटो विचार करून काढलेला असायचा आणि धुवून आला की घरभर फिरायचा. आता एका बारशाचे चारशे फोटो निघतात आणि ते गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये कुठेतरी जाऊन बसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो आणि कधी, कुठे काढला ही आतली माहितीही निघून जाते, त्यामुळे लग्नाचे फोटो "ग्रुपवर आलेत" म्हणजे तुमच्याकडे मूळ फोटो नाहीत. डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या.

गुगल फोटोजमध्ये अमर्याद फुकट जागा मिळायची ती १ जून २०२१ पासून बंद झाली, आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट, आणि दोन वर्षं कोणी वापरलंच नाही तर अकाउंट डिलीट होऊ शकतं. हे का सांगतेय, तर आजोबा गेल्यावर त्यांच्या फोनचा पॅटर्न कोणालाच येत नाही असं दरवर्षी दोन-तीन घरांत तरी होतं. गुगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सेटिंग आहे, त्यात घरातल्या माणसाचं नाव घालून ठेवता येतं, आयफोनमध्ये लेगसी कॉन्टॅक्ट आहे. दहा मिनिटांचं काम आहे, घरातल्या मुलांनी मोठ्यांबरोबर बसून करावं, त्यांना न सांगता नको.

आम्ही फाइली देतो त्यासुद्धा एकाच पेनड्राइव्हवर ठेवून विसरू नका, पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिला तर त्यातलं टिकेल याची खात्री नसते, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या सीडी आज कितीतरी वाचताच येत नाहीत. तीन कॉप्या करा, घरी हार्ड डिस्कवर एक, क्लाउडवर एक, आणि एक दुसऱ्या गावातल्या भावाबहिणीकडे. दसऱ्याला यंत्रांची पूजा करतो ना, त्या दिवशी हार्ड डिस्क काढायची, लावून बघायची, चालतेय ना, चार फोटो उघडतात ना. आणि दर वर्षाचे निवडक वीस-पंचवीस फोटो प्रिंट करा, आमच्याकडेच करा असं नाही, कुठेही करा.

आम्ही नेमकं काय करतो

पोस्टकार्ड साइजचा फोटो (चार बाय सहा इंची) आम्ही ६०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, स्कॅन करतो, म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेल, मूळच्या दुप्पट मोठा प्रिंट काढला तरी नीट येतो. ते जुने छोटे चौकोनी फोटो, सव्वादोन इंची पांढऱ्या कडांचे, ते १२०० ला. ३५ एमएम निगेटिव्हची एक फ्रेम फक्त २४ बाय ३६ मिलिमीटरची असते म्हणून ती ३२०० ला. प्रत्येकाच्या दोन फाइली मिळतील, एक जशीच्या तशी, हात न लावलेली, आणि एक साफ केलेली. पहिली कधीही डिलीट करू नका. फाइलच्या नावात आम्ही साल, ठिकाण, प्रसंग, माणसं असं घालतो, पण ते तुम्ही लिहून दिलं तरच.

ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगीत करून द्या असं बरेच जण सांगतात. करून देतो, पण एक समजून घ्या, आज्जीच्या नऊवारीचा रंग मशीनला माहिती नसतो, ते अंदाज लावतं. आज्जीला विचारून रंग सांगा, मग आम्ही हाताने भरू. आणि पुसट चेहरा ॲपवरून "स्पष्ट" करून देणं आम्ही बंद केलंय, कारण त्यात डोळे, दात, हनुवटी ॲप स्वतःच्या मनाने घालतं, चेहरा छान दिसतो पण तो तुमच्या पणजोबांचा राहत नाही.

स्कॅन झाल्यावर मूळ फोटो टाकू नका. जागा नाही असं म्हणणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच की दोनशे फोटो बुटाच्या एका खोक्यात मावतात.

पैशांची अडचण असेल तर घरीही करता येतं, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोटोच्या बरोबर वरून मोबाईल धरून. आमच्या स्कॅनइतकं येणार नाही पण काहीच नसण्यापेक्षा खूप चांगलं आहे, आणि कसं करायचं ते आम्ही दुकानात दाखवू.

दराचं कार्ड सोबत जोडलंय. फोटो मोजून, तुमच्यासमोर यादी करून घेतो आणि तशीच यादी करून परत देतो, फोटो दुकानाबाहेर दुसरीकडे कामाला पाठवत नाही. गणपती ते दिवाळी गर्दी असते, तेव्हा दोन आठवडे धरा. सोमवारी दुकान बंद. नावं सांगणारं माणूस घरी बसून कंटाळत असेल तर त्यांनाही बरोबर घेऊन या, दुपारी तीन ते पाच आम्ही मोकळेच असतो, मोठ्या स्क्रीनवर फोटो दाखवतो, ते सांगतात आणि आम्ही लिहून घेतो. दुकान तळमजल्यावर आहे, जिना चढावा लागत नाही.