स्मृतिभ्रंश शुश्रूषेचे गुणमापन (मुंबई)

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची शुश्रूषा किती चांगली होते आणि तिचा त्या व्यक्तीला व घरच्यांना कितपत उपयोग होतो, हे ठरावीक निकषांवर तपासण्याची पद्धत. अनेक आजारांत रुग्ण बरा झाला की उपचार लागू पडले असे म्हणता येते. अल्झायमर व तत्सम विकारांत मात्र उत्तम शुश्रूषा मिळूनही स्मरणशक्ती खालावत जाते. त्यामुळे स्मरणचाचणीच्या गुणांवरून शुश्रूषेची पारख करणे फसवे ठरते. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेली ३० गुणांची ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ ही चाचणी आजार कोणत्या टप्प्यावर आहे याचा अंदाज देते. रुग्णाला वेळेवर जेवू घातले जाते का, त्याच्यावर कोणी ओरडते का, हे तिच्यातून कळत नाही.

आरोग्यसेवेचा दर्जा रचना, प्रक्रिया आणि फलित अशा तीन अंगांनी तपासावा, ही मांडणी आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये केली आणि ती येथेही वापरली जाते. रचना, म्हणजे खाटा, न्हाणीघरातील कठडे, प्रशिक्षित कर्मचारी, मोजायला सर्वांत सोपी. म्हणूनच तिच्यावर गरजेपेक्षा जास्त भर पडतो. प्रक्रियेच्या, म्हणजे प्रत्यक्ष शुश्रूषा कशी होते याच्या, निकषांत मनोविकारविरोधी औषधांचा (अस्वस्थ रुग्णाला शांत करण्यासाठीही ती दिली जातात) वापर महत्त्वाचा मानतात. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या गटातील नव्या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला होता. रुग्ण ‘शांत’ आहे एवढ्यावर समाधान मानणारी शुश्रूषा त्यामुळे संशयास्पद ठरते. बोलून सांगता न येणाऱ्या रुग्णाची वेदना ओळखण्यासाठी ‘पेनॅड’ ही ० ते १० गुणांची श्रेणी आहे. तीत श्वास, कण्हणे, चेहरा, देहबोली आणि समजूत घातल्यावर होणारा फरक यांची नोंद होते.

रुग्णाच्या बाजूने पाहणारी पद्धत म्हणून इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे टॉम किटवुड व कॅथलीन ब्रेडिन यांनी विकसित केलेल्या ‘डिमेन्शिया केअर मॅपिंग’चा उल्लेख करावा लागतो. निरीक्षक सामाईक खोलीत काही तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक व्यक्ती काय करत आहे ते अक्षर-संकेताने, तर तिची मनःस्थिती व गुंतलेपण अधिक ५ ते उणे ५ या श्रेणीत टिपतो. एखाद्या आजी मेथी निवडत बसल्या आहेत, पाने आणि देठ एकाच ढिगात जात आहेत, पण हात चालू आहेत आणि तोंडाने काही पुटपुटणे चालले आहे. ही नोंद अधिक बाजूला जाते. ‘राहू द्या आजी, तुम्हाला नाही जमायचं,’ म्हणून कोणी मागून जुडी उचलली, तर त्या वागण्याची वेगळी नोंद होते आणि पुढच्या पाच मिनिटांत आजींचे काय झाले तेही दिसते. पद्धत खर्चिक आहे, निरीक्षकाला प्रशिक्षण लागते, आणि ती मुळात संस्थांसाठी घडवलेली आहे.

मुंबईत नेमकी येथेच अडचण येते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका मोठ्या पाहणीत ६५ वर्षांवरील लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २.४४ टक्के आढळले होते. यांपैकी बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते, आणि तीही अनेकदा दोन खोल्यांत. ज्यांना परवडते ते मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून बारा तासांच्या पाळीने मावशी, म्हणजे रुग्णसेविका, ठेवतात. अशा घरी कठडे मोजण्यापेक्षा महिन्यात किती वेगवेगळ्या मावशी आल्या, पाळी बदलताना औषधे व शौचाची माहिती दुसरीला सांगितली जाते का, पाठीवर शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आहेत का, हे विचारणे अधिक उपयोगाचे. दैनंदिन क्षमतेच्या परदेशी प्रश्नावल्यांत स्वयंपाक आणि हिशेब येतात. आयुष्यात कधी गॅस न पेटवलेल्या आजोबांबाबत त्यांतून काहीच कळत नाही. हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी वेगळी चाचणी व दैनंदिन क्षमतेची वेगळी श्रेणी १९९० च्या दशकात तयार झाली, ती याच कारणाने.

घरगुती शुश्रूषेत काळजीवाहकावरील ताण हे स्वतंत्र फलित मानले जाते. अमेरिकी संशोधक झरीट यांच्या २२ प्रश्नांच्या प्रश्नावलीत तो ० ते ८८ असा मोजतात. गोव्यात ८१ कुटुंबांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन दिलेल्या मदतीमुळे काळजीवाहकांचे मानसिक स्वास्थ्य लक्षणीय सुधारले, मात्र रुग्णांच्या वर्तनातील व कार्यक्षमतेतील सुधारणा संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकली नाही. केवळ रुग्णाकडे पाहिले असते, तर हा उपक्रम फसला असे म्हणावे लागले असते.

उत्तर कोण देतो, यावरही आकडा अवलंबून असतो. जीवनमानाच्या १३ मुद्द्यांच्या ‘क्यूओएल-एडी’ या मापनात रुग्ण आणि नातेवाईक दोघांनाही विचारतात, आणि नातेवाईक बहुधा रुग्णापेक्षा कमी गुण देतात. ताणाच्या प्रश्नांना उत्तरे देणारी बहुतेकदा सून असते. सासूबाई पलीकडे पलंगावर आणि नवरा दारात उभा असताना ‘तुम्हाला यांचा राग येतो का’ या प्रश्नाचे खरे उत्तर मिळण्याची शक्यता थोडी. म्हणून मुलाखत तिच्या एकटीची, जागा नसेल तर सोसायटीच्या गच्चीवर किंवा ती कामावर असताना फोनवर घ्यावी लागते. रात्रीच्या पाळीची मावशी, जिला बारीकसारीक सर्वाधिक ठाऊक असते, तिच्यासाठी या प्रश्नावल्यांत बहुधा रकानाच नसतो.