माणूस नाही म्हणजे तेल संपलं?

बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राबद्दल एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: ‘समुद्रातल्या कितीतरी प्लॅटफॉर्मवर चिटपाखरूही नसतं, कारण तिथलं तेल संपलंय.’ फोटो पाहिला की असं वाटणं साहजिक आहे. पण हे खरं नाही.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरचं हे क्षेत्र १९७४ साली सापडलं. ते इतकं पसरलेलं आहे की एका जागेवरून सगळं तेल काढता येत नाही. म्हणून ठिकठिकाणी छोटे वेलहेड प्लॅटफॉर्म उभे केलेत. त्यांवर मुख्यतः विहिरींची तोंडं असतात आणि प्रत्येक तोंडावर व्हॉल्व्हचा उभा जुडगा, ज्याला तिथले कामगार ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. तेल, वायू आणि पाणी एकत्रच वर येतं आणि समुद्रतळावरच्या पाइपलाइनने मोठ्या प्रोसेस प्लॅटफॉर्मकडे जातं. वेगळं करण्याचं काम तिथे होतं, माणसंही तिथेच राहतात. उलट दिशेने, जमिनीखालच्या तेलसाठ्यातला दाब टिकवायला प्रक्रिया केलेलं पाणी छोट्या प्लॅटफॉर्मकडे येतं. तिथे देखभालीपुरती माणसं बोटीने किंवा हेलिकॉप्टरने येतात. धोक्याच्या जागी कमीत कमी माणसं ठेवणं मला तरी शहाणपणाचंच वाटतं.

पडताळायचं असेल तर त्या भागाचा सागरी नकाशा बघा. छोट्या ठिपक्यांपासून मोठ्या संकुलाकडे जाणाऱ्या पाइपलाइनच्या रेघा त्यात दिसतात. आणि विहीर खरंच कायमची बंद करायची असेल, तर ती नुसती सोडून देत नाहीत, सिमेंट भरून बुजवतात.