कर्ज फेडलं की जुगार सुटतो? नाही हो!

आपल्याकडे कुणी रमीच्या अ‍ॅपवर नाहीतर मटक्यात बुडाला की घरातले आधी काय करतात, मंगळसूत्र मोडतात, देणी भागवतात, आणि देवासमोर शपथ घ्यायला लावतात की झालं, आता सुटला. हा समज किती वर्षं फिरतोय देव जाणे, पण तो चुकीचा आहे.

अमेरिकेत रॉबर्ट कस्टर नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. ओहायोतल्या ब्रेक्सव्हिलला माजी सैनिकांचं सरकारी हॉस्पिटल होतं, तिथे दारूच्या पेशंटांवर काम करायचे. १९७२ मध्ये तिथेच त्यांनी जुगाऱ्यांना अ‍ॅडमिट करून घेऊन उपचार सुरू केले, तोवर हे कुणी केलंच नव्हतं कारण सगळे म्हणायचे हा तर नुसता हावरटपणा. त्यांनी टप्पे मांडले: आधी जिंकणं, मग हरणं, मग हताश होणं. हरलेलं परत मिळवायला माणूस अजून खेळतो, आणि इथे कुणी कर्ज फेडलं की त्याला तोही एक जॅकपॉटच वाटतो! डोकं मोकळं, पुन्हा डाव.

१९८० मध्ये अमेरिकन मानसोपचाराच्या मॅन्युअलमध्ये जुगार आजार म्हणून आला त्यात कस्टर यांचा मोठा हात. २०१३ मध्ये त्याच मॅन्युअलमध्ये तो दारू-ड्रग्जच्या व्यसनांच्याच पंगतीत बसला. त्यातल्या ९ लक्षणांपैकी ४ वर्षभरात दिसली की निदान होतं, आणि गंमत म्हणजे बुडाल्यावर दुसऱ्यांकडून पैसे घेऊन सुटणं हे त्यातलंच एक लक्षण आहे. म्हणजे आपण ज्याला इलाज समजतो ते.